पस्तिशीतही डबल्स खेळता येतं, ते का?

इंडोनेशियाचा हेंद्रा सेतियावान 2007 मध्ये मार्किस किडोच्या साथीनं बॅडमिंटन डबल्सचा जगज्जेता झाला. पुढे मोहम्मद अहसान जोडीला आला आणि 2013, 2015, 2019 असे आणखी तीन किताब मिळाले. शेवटचा मिळाला तो त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवशी. सिंगल्समध्ये या वयाला पाय साथ सोडू लागतात. डबल्समध्ये निम्मं कोर्ट पार्टनर सांभाळतो, हे एक कारण झालं. दुसरं कारण शटलमध्ये आहे, आणि तेच जास्त महत्त्वाचं.

16 पिसांचं शटल जेमतेम 5 ग्रॅमचं. हवा त्याला इतकी अडवते की साधारण दर सव्वातीन मीटरला त्याचा वेग निम्म्यावर येतो. ताशी 400 किलोमीटरनं सुटलेला स्मॅश 8 मीटरवर पोचेपर्यंत 70च्या आसपास उतरलेला असतो. (भारताच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीचा 2023चा 565 किलोमीटरचा विक्रमही रॅकेटवरून सुटतानाच्या वेगाचा आहे.) तरी हे अंतर कापायला त्याला सुमारे 0.2 सेकंदच लागतात. नेटजवळच्या ड्राइव्हला, म्हणजे सपाट जलद फटक्याला, तर त्याहूनही कमी. आणि डोळ्यांनी पाहून हात हलायलाच माणसाला 0.2 सेकंद लागतात! म्हणजे शटल सुटल्यावर बघून चालतच नाही. मुरलेला खेळाडू समोरच्याचा खांदा आणि कोपर बघून, फटका बसण्याआधीच रॅकेट वळवतो. ही नजर वर्षानुवर्षांच्या खेळानं तयार होते आणि पायांइतकी लवकर थकत नाही.

सर्व्हिसचंही तसंच. शटलला रॅकेट लागते त्या क्षणी अख्खं शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं. नेट मधोमध 1.524 मीटर उंच. म्हणजे शटल किमान 37 सेंटिमीटर वर चढवायचं, आणि तरी समोरच्याला ते नेटच्या वर मारायला मिळू द्यायचं नाही. त्यासाठी शटलचा सर्वोच्च बिंदू आपल्याच बाजूला, नेटच्या अलीकडे यायला हवा. नेट ओलांडताना ते उतरणीला लागलेलं असावं. पिसांचं टोक अंगठा आणि तर्जनीत हलकं धरायचं, बॅकहँड ग्रिपमध्ये दुसऱ्या हाताचा अंगठा रॅकेटच्या मुठीच्या रुंद बाजूवर टेकवायचा आणि मारायचं नाही, ढकलायचं. अटीतटीच्या 19-19 ला बिघडतं ते इथेच: बोटं आवळली जातात, ढकलण्याचा झटका होतो, सर्वोच्च बिंदू नेटपलीकडे सरकतो आणि रिसिव्हर पुढे झेपावून तिथेच पॉइंट संपवतो. म्हणून सराव संपताना, दमलेल्या हातानं केलेल्या सर्व्हिसना मी सर्वांत जास्त किंमत देईन.

नेटजवळ पुढे उभ्या असलेल्या खेळाडूनं एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून मोडावी: पार्टनर मागून स्मॅश मारत असताना वळून बघणं. शटलचं बूच डोळ्याच्या खोबणीत नेमकं बसतं आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. रॅकेट वर, नजर समोर.

रँकिंगही जोडीचं असतं, त्यामुळे पार्टनर बदलणं महागात पडतं. पण खरी अडचण मधल्या शटलची असते. डावखुरा उजव्या बाजूला आणि उजव्या हाताचा खेळाडू डाव्या बाजूला उभा राहिला, की दोघांचेही फोरहँड मध्यावर येतात. मग एक तर दोन्ही रॅकेट एकमेकींवर आपटतात, नाहीतर ‘तू घेशील’ म्हणत दोघंही थांबतात आणि शटल मधोमध पडतं. ते कोणी घ्यायचं, हे नव्या जोडीनं सर्व्हिसच्याही आधी ठरवायला हवं.