बोटीवरच्या पहिल्या नोकरीची मुलाखत: सरावाला येण्याआधी वाचा

सरावासाठी नाव नोंदवलं की त्याच संध्याकाळी बहुतेकांचा मेसेज येतो, "सर, प्रश्नांची यादी आणि उत्तरं पाठवून द्या ना." पालकांचा फोन आला तरी मागणी तीच असते, फक्त भाषा जरा आदबीची. प्रत्येकाला वेगळं समजावण्यात आमचाही वेळ जातो आणि तुमचाही. म्हणून हे पत्रक.

डेक आणि इंजिन हे वेगळे विभाग, कॅडेट म्हणजे अधिकारी होण्यासाठी शिकणारा आणि रेटिंग म्हणजे खलाशी वर्ग, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढचं लिहिलं आहे.

उत्तरांची यादी आम्ही देत नाही. मागे देत नव्हतो, पुढेही देणार नाही. काहींना हा हटवादीपणा वाटतो. पण समोर बसणारी माणसं कोण असतात ते लक्षात घ्या. कंपनीचा मनुष्यबळ विभाग असतोच, शिवाय बहुतेक ठिकाणी एखादे कॅप्टन किंवा चीफ इंजिनिअर असतात, ज्यांची अर्धी हयात बोटीवर गेलेली आहे. पाठ केलेलं उत्तर त्यांना पहिल्या वाक्यात कळतं, कारण आधीच्या चार मुलांनीही तेच म्हटलेलं असतं. मोठ्या मालवाहू जहाजावर साधारण वीस-पंचवीस माणसं असतात आणि महिनोन्महिने तीच असतात. या पोराबरोबर चार ते आठची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, करता येईल का, हे त्यांना बघायचं असतं.

पहिल्या बैठकीला भरलेल्या अर्जाची प्रत हवीच

आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ याच एका चुकीपायी वाया जातो. मुलं येतात, वही आणतात, पेन आणतात, कुणी कुणी टायसुद्धा बांधून येतात. कंपनीला पाठवलेला अर्ज मात्र सोबत नसतो. "ऑनलाइन भरला होता सर, सेव्ह नाही केला." किंवा, "दादाने भरला." काय लिहिलं होतं? "नेहमीचंच." मग पहिली बैठक आठवण्यातच संपते आणि दुसऱ्या बैठकीत कळतं की आठवलं ते चुकीचं होतं.

यादी हवी असेल तर ती तुमच्या अर्जातच आहे. तंत्राचे प्रश्न सगळ्यांना थोडेफार सारखे असतात, बाकीची मुलाखत त्या कागदावरून चालते. परीक्षकाच्या हातात तोच असतो आणि त्याचं बोट ओळीवरून खाली सरकत असतं. छंदाच्या रकान्यात 'पोहणे' लिहिलंय, असं समजा. सरावात हे असं होतं:

"पोहता का?"
"हो सर."
"सलग किती?"
"म्हणजे... पूलमध्ये सर."
"पूल केवढा आहे?"
"मोठा आहे सर."
"शेवटचं कधी पोहलात?"
"दहावीच्या सुट्टीत."

यात मुलगा खोटं बोललेला नाही. त्याला पोहता येतं. पण 'पोहणे' हा शब्द लिहिताना यावर प्रश्न येईल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आता समोरच्याला शंका येते की बाकीचं पानही असंच भरलंय की काय. 'वाचन' लिहिणाऱ्यांना शेवटचं पुस्तक विचारतात, 'क्रिकेट' लिहिणाऱ्यांना कुठल्या संघातून आणि कुठल्या जागेवर खेळता ते. घरी मिक्सर-पंखे उघडून दुरुस्त करत असाल तर तेच लिहा. इंजिन विभागासाठी त्याच्याइतका चांगला छंद नाही आणि त्यावर तुम्ही अर्धा तास बोलू शकाल.

छंद हा सोपा भाग झाला. खरी अडचण तारखांची होते. बारावी एका वर्षी, पुढचा प्रवेश दोन वर्षांनी, मधला काळ कोरा. मध्ये काय केलं हे विचारणारच. नापास झालात, घरच्या दुकानात बसलात, दुसऱ्या परीक्षेची तयारी केली, काहीही असो, दोन वाक्यांत सरळ सांगता आलं पाहिजे. आडवळणाने सांगायला गेलात की पुढचे पाच प्रश्न त्यावरच येतात.

मग पसंती. अर्जात डेक आणि इंजिन दोन्हींवर टिक आहे आणि तोंडाने म्हणता, "लहानपणापासून कॅप्टनच व्हायचं होतं." तसं असेल तर इंजिनवर टिक कशाला? दोन्हींवर टिक करण्यात गैर काही नाही, पण कारण तयार ठेवा.

आणि प्रकृतीचा रकाना. चष्मा, जुनं ऑपरेशन, दमा, फिट्स यांतलं काही लपवू नका. वैद्यकीय तपासणी पुढे होणारच असते आणि तिथे उघड झालेली गोष्ट मुलाखतीत सांगितलेल्या गोष्टीपेक्षा फार महाग पडते. रंग ओळखण्याची तपासणी अर्ज करण्याआधीच करून घ्या. ठिपक्यांमधून आकडा ओळखायची ती इशिहारा चाचणी डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरकडे होते. डेकवाल्याला रात्री लाल आणि हिरवा दिवा वेगळा कळलाच पाहिजे. इंजिन विभागाचे निकष थोडे सैल आहेत, पण आहेत. वर्षभर तयारी करून मग हे कळणं फार वाईट.

थोडक्यात, अर्ज पाठवण्याआधी त्याची प्रत काढा. पाठवून झाला असेल आणि प्रत नसेल तर कंपनीला नम्रपणे मेल करून मागा. संकोच करू नका.

"देशसेवा करायची आहे"

व्यापारी जहाजाच्या मुलाखतीत हे उत्तर अजूनही ऐकू येतं. मर्चंट नेव्हीतल्या 'नेव्ही' या शब्दाने घोळ होतो. नौदलात गणवेश, शिस्त आणि देशाचं संरक्षण असतं. तुम्ही ज्या बोटीवर जाणार, ती एखाद्या कंपनीची मालवाहू बोट आहे. तिचा झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा असू शकतो, मालक तिसऱ्याच देशातला, माल चौथ्या देशाचा. देशप्रेम मनात ठेवा, उत्तरात कामाबद्दल बोला.

समुद्रावर का जायचं या प्रश्नाला पगार हे एक कारण सांगितलं तर आभाळ कोसळत नाही. समोरचेही पगारावरच गेले होते. फक्त ते एकमेव कारण असू नये, आणि कॅडेटला अधिकाऱ्याचा पगार नाही, मानधन मिळतं, हे ठाऊक असावं. घरापासून किती महिने लांब राहाल, घरात कुणी आजारी पडलं तर काय, आईचं म्हणणं काय आहे, हेही विचारतात. यावर घरी खरोखर बोलून या. त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.

तंत्राचे प्रश्न

नवख्या उमेदवाराकडून जहाज चालवण्याची अपेक्षा नसते. शाळेतलं भौतिकशास्त्र समुद्रावर लावता येतं का, एवढं बघतात. लोखंडाचं जहाज तरंगतं कसं, हे सगळ्यांना येतं. पुढचा प्रश्न आला की गडबडतात: तेच जहाज समुद्रातून नदीत शिरलं तर वर येईल की खाली बसेल? समुद्राच्या पाण्याची घनता घनमीटरला साधारण 1025 किलो, गोड्या पाण्याची 1000. तेवढंच वजन उचलायला गोडं पाणी जास्त बाजूला सारावं लागतं, म्हणून जहाज थोडं खाली बसतं. जहाजाच्या बाजूला रंगवलेल्या भाररेषांमध्ये गोड्या पाण्याची रेषा वेगळी असते ती यामुळेच. असं एकातून दुसरं निघतं, म्हणून व्याख्या पाठ करून भागत नाही.

डेकवाल्यांनी सागरी मैल म्हणजे 1852 मीटर, एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा दिवा, एवढं तरी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगावं. रात्री अगदी समोर लाल आणि हिरवा दोन्ही दिवे एकदम दिसले तर? जहाज थेट आपल्याकडे येतंय. दोघांनीही उजवीकडे वळायचं. इंजिनवाल्यांनी टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक नीट करून यावं, कारण बहुतेक मोठ्या मालवाहू जहाजांचं मुख्य इंजिन संथ गतीचं टू-स्ट्रोक असतं, जहाज ढकलणारा पंखा (प्रोपेलर) थेट जोडलेला, मध्ये गिअरबॉक्स नाही. मग जहाज मागे कसं घ्यायचं? इंजिनच उलटं फिरवून. हे ऐकून पुष्कळांचे डोळे मोठे होतात.

नियमांची नावं घोकू नका, कशासाठी आहेत ते सांगा. टायटॅनिक 1912 मध्ये बुडालं आणि त्यातून 1914 मध्ये सोलास करार आला, जीव वाचवण्यासाठी. मारपोल प्रदूषण रोखण्यासाठी आहे. त्याच्या नियमानुसार 1 जानेवारी 2020 पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 3.50 टक्क्यांवरून 0.50 टक्क्यांवर आली. एसटीसीडब्ल्यू प्रशिक्षणासाठी आणि वॉचसाठी. यांत रेटिंगलाही विचारतात असा एक प्रश्न म्हणजे विश्रांतीचा: कुठल्याही 24 तासांत किमान 10 तास, सात दिवसांत किमान 77.

बातम्याही वाचा. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात अडकलं, मार्च 2024 मध्ये डाली जहाजाची वीज गेली आणि ते बाल्टिमोरच्या पुलावर आदळलं. इंजिनच्या मुलांना डालीवरून जनरेटरपर्यंत नेतात, तयार राहा.

टाकीत उतराल का?

हा प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: "तुमचा वरिष्ठ म्हणाला, लवकर टाकीत उतर आणि बघून ये. तुम्ही काय कराल?" नव्वद टक्के गुण इथेच जातात असं मी म्हणणार नाही, पण घाईत दिलेलं "आज्ञा पाळीन सर" हे उत्तर फार नडतं. बंद जागेत प्राणवायू कमी असू शकतो. गंजणारं लोखंडच तो खाऊन टाकतं. त्यामुळे आधी हवा खेळवायची, प्राणवायू मोजायचा, परवाना घ्यायचा, दारावर माणूस उभा करायचा, बचावाचं सामान हाताशी ठेवायचं. आत कोणी बेशुद्ध पडलेलं दिसलं तरी एकट्याने आत उडी मारायची नाही, आधी आरडाओरडा करून मदत बोलवायची. वाचवायला गेलेलाच मेला, असे अपघात समुद्रावर पुन:पुन्हा झाले आहेत. म्हणूनच सोलासमध्ये 2015 पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेत उतरण्याच्या आणि तिथून माणूस वाचवण्याच्या कवायतीची सक्ती आहे. उद्धट न होता "सर, परवाना झाला की उतरतो" म्हणणं जमलं पाहिजे. सरावात आम्ही मुद्दाम आवाज चढवून हे विचारतो. कुणी मनाला लावून घेऊ नये.

ऑनलाइन मुलाखत असेल तर दुसऱ्या स्क्रीनवर उत्तरं उघडून बसू नका. डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना कॅमेऱ्यात स्वच्छ दिसतात. इंग्रजी मोडकं असेल तर चालतं, समजेल असं असावं. कपड्यांबद्दल एवढंच: धुतलेले, इस्त्रीचे आणि अंगाला बसणारे.

नोकरी लावून देता का?

नाही. आम्ही सराव घेतो. आमची फी त्या सरावाची, आणि निवड झाली की पुन्हा काही मागत नाही. सागरी कामगारांच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, म्हणजे एमएलसीनुसार, नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशाचं पुस्तक, पासपोर्ट यांचा खर्च तुमचा असतो, व्हिसाचा मालकाचा. 'जागा पक्की' म्हणून कुणी रक्कम मागितली तर देण्याआधी निदान आम्हाला एक फोन करा. त्याची फी नाही.

बैठका तीन. पहिलीत फक्त तुमचा अर्ज, ओळ न् ओळ. दुसरीत तंत्र आणि सुरक्षितता, विभागानुसार. तिसरीत पूर्ण मुलाखत, समोर बोटीवर काम केलेला माणूस, आणि तिचं चित्रण तुम्हाला घरी नेऊन बघता येतं. बघाच, कितीही लाज वाटली तरी. अर्जाची प्रत पहिल्या बैठकीच्या दोन दिवस आधी मेलवर यावी. आली नाही तर बैठक पुढे ढकलतो, पैसे कापत नाही. मुलाखतीची तारीख कंपनीकडून आल्यावर धावत येण्यापेक्षा अर्ज भरण्याआधीच आलात तर पहिली बैठक अर्ज भरण्यातच वापरतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.