८.६ सेंटिमीटरांतला आलेख

‘फिजिकल रिव्ह्यू’ या भौतिकशास्त्राच्या संशोधनपत्रिकेच्या एका कॉलमची रुंदी ८.६ सेंटिमीटर. आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषेची जाडी, तुटक रेषांचे प्रकार, अक्षांवरच्या आकड्यांचा आकार असे जे ढीगभर पर्याय दिसतात, त्यांमागे अशाच अरुंद जागेची अडचण आहे.

रेषालेख स्वतः बराच जुना. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले. पुढे विसाव्या शतकात हे काम आरेखकाकडे आले. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने मोठी आकृती काढायची, अक्षरे स्टेन्सिलने लिहायची आणि फोटो घेऊन ती लहान करायची. लहान होताना बारीक रेषा पुसट होई, म्हणून रेषा जाड. रंगीत छपाईचा खर्च झेपत नसे, म्हणून एक रेषा सलग, दुसरी तुटक, तिसरी ठिपक्यांची.

१९५९ मध्ये कॅलकॉम्प ५६५ हा प्लॉटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेन चालवणारे यंत्र, आला आणि पेन यंत्राच्या हाती गेले. त्याचे एक पाऊल इंचाचा शंभरावा भाग, त्यामुळे तिरकी रेषा जवळून पाहिली की जिन्यासारखी दिसे.

माझ्या मते खरे वळण आले ते आलेखाच्या सॉफ्टवेअरमुळे नव्हे, पोस्टस्क्रिप्ट या छपाईसाठीच्या संगणकभाषेमुळे. १९८५ च्या ॲपल लेझररायटर या प्रिंटरने ही भाषा टेबलावर आणली. तिच्यात रेषा म्हणजे ठिपक्यांचा समूह नसून एक सूचना असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत, इतक्या जाडीने. आकृती कितीही लहान-मोठी करा, कडा स्वच्छच राहतात. आरेखकाची गरज इथे संपली, आणि त्याचे काम संशोधकाच्या गळ्यात पडले.

१९८६ मध्ये थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी नूप्लॉट (gnuplot) हे आलेख काढायचे सॉफ्टवेअर लिहिले. (नावावरून वाटते तसा त्याचा ‘ग्नू’ (GNU) या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाशी संबंध नाही.) त्यात सारे आज्ञा टाइप करून. पॉल टर्नर यांच्या एक्सव्हीजीआरने उलट वाट धरली: माउसने क्लिक करून आलेख सजवायचा. त्याचे पुढे एक्सएमजीआर झाले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एव्हगेनी स्टॅम्बुलचिक यांच्या पुढाकाराने ‘ग्रेस’. रेणूंच्या हालचालींचे गणित करणाऱ्या ग्रोमॅक्स या सॉफ्टवेअरमधून आजही ‘.एक्सव्हीजी’ फाइली बाहेर पडतात. रोज त्या उघडणाऱ्या अनेकांना हे नाव कुठून आले याचा पत्ता नसतो.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबची सुरुवात २००३ ची. अपस्माराच्या रुग्णांचे मेंदूतले विद्युत संकेत अभ्यासणाऱ्या जॉन हंटर यांना मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरसारखी सोय पायथनमध्ये हवी होती. २०१२ मध्ये, अवघ्या ४४ व्या वर्षी ते गेले.

रंगांचा प्रश्न मात्र सर्वांनीच उशिरा हाती घेतला. नूप्लॉटची पहिली रेषा लाल, दुसरी हिरवी. म्हणजे लाल-हिरवा रंगदोष असलेल्या वाचकाला ओळखायला अवघड नेमकी तीच जोडी. २०१५ च्या ५.० आवृत्तीत हे रंग बदलले, आणि २०१७ च्या सुरुवातीला मॅटप्लॉटलिब २.० नेही आपले मूळ रंग बदलले. सवय सुटत नाही अशांसाठी नूप्लॉटने जुनी रांग ‘क्लासिक’ या नावाने अजून ठेवली आहे.