पाणी कमी पडलं की जास्त झालं?

उन्हाळ्यातला दिवसभराचा ट्रेक. दुपार कलताना जोडीतला एक जण गप्प होतो. डोकं दुखतंय म्हणतो, मळमळतंय म्हणतो, पाय ओढत चालायला लागतो. दुसरा लगेच बाटली पुढे करतो, "पाणी पी, बरं वाटेल." बहुतेक वेळा बरं वाटतंही. पण एखाद्या वेळी हाच सल्ला जिवावर बेततो, कारण शरीरातलं पाणी कमी झाल्यावर जी लक्षणं दिसतात, जवळजवळ तीच ते जास्त झाल्यावरही दिसतात.

पाणी कमी होण्याचा, म्हणजे डिहायड्रेशनचा प्रकार सगळ्यांना माहीत आहे. घाम, श्वास आणि लघवीवाटे जातं तेवढं भरून येत नाही, रक्ताचं आकारमान घटतं आणि त्याच चढाला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. दुसरा प्रकार हायपोनॅट्रेमिया. रक्तात दर लिटरला साधारण 135 ते 145 मिलिमोल सोडियम असतं, ते त्याखाली घसरतं. घामातून मीठ गेलं म्हणून असं झालं, अशी आपली समजूत असते. मीठ जातं हे खरं, पण मुख्य दोष गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्या पाण्याचा असतो. निवांत असताना मूत्रपिंडं तासाला 800 मिलिलिटर ते 1 लिटर पाणी सहज बाहेर टाकतात. तासन्‌तास चालताना मात्र शरीर व्हॅसोप्रेसिन हे हार्मोन सोडत राहतं आणि त्याच्या हुकमावरून मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. वरून पाणी येतच राहिलं की रक्त पातळ होतं, ते पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. कवटीच्या आत मेंदूला फुगायला जागा नसते. म्हणून आधी डोकेदुखी आणि उलटी, मग भ्रमिष्टासारखं बोलणं, शेवटी झटके.

2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्के जणांचं सोडियम 135 किंवा त्याहून कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला होता, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. डोंगरात चालणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते हेच: जो हळू चालतो त्याला घाम कमी येतो, आणि प्यायला वेळ मात्र भरपूर मिळतो.

जोडीने चालताना इथेच गफलत होते. दोघांना सारख्या बाटल्या, दर थांब्याला दोघांनी सारखंच प्यायचं, "मी प्यायलो, आता तू पी." प्रेमाने केलेली ही वाटणी शरीराला मान्य नसते. ढोबळ हिशेब करू. 80 किलोच्या पुरुषाच्या शरीरात सुमारे 48 लिटर पाणी असतं, 55 किलोच्या बाईच्या शरीरात सुमारे 27. दोघांनीही गरजेपेक्षा 2 लिटर जास्त प्यायले आणि ते बाहेर पडलंच नाही, तर 140 वरून त्याचं सोडियम 134 च्या आसपास येईल, तिचं 130 पर्यंत. एकच नियम, पण त्याचा भार तिच्यावर जास्त. माझ्या मते पाण्याचं वेळापत्रक जोडप्याने करूच नये. तहान लागेल तसं प्यावं. 2015 साली या विषयावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ परिषदेची शिफारसही हीच आहे.

मग वाटेवर ओळखायचं कसं? लक्षणांपेक्षा आधी काय घडलं ते बघा. तोंड कोरडं, तहान लागलेली, लघवी गडद आणि थोडी, उभं राहिल्यावर भोवळ, बाटली सकाळपासून तशीच भरलेली: पाणी कमी पडलंय. तहान नाही, पोटात पाणी डचमळतंय, उलटी झाली तर नुसतं पाणीच पडतंय, घड्याळाचा पट्टा आणि अंगठी घट्ट झालीय, दिवसभर पाणी रिचवलंय आणि खाल्लं मात्र फारसं नाही: जास्त झालंय. नुसत्या सुजलेल्या बोटांवर विसंबू नका, हात खाली सोडून चालणाऱ्या कितीतरी धडधाकट माणसांची बोटं सुजतात. लघवी कमी होणंही दोन्हीकडे असू शकतं. ताप मात्र यात बसत नाही. अंग तापलंय आणि बोलणं भरकटलंय, तर उष्माघात समजून आधी अंग थंड करायला लागा.

ऋतूंप्रमाणे पारडं इकडून तिकडे झुकतं. उन्हाळा सुरू होतानाचे पहिले ट्रेक जास्त त्रासाचे, कारण शरीर उन्हाला सरावायला दहा-चौदा दिवस घेतं आणि तोवर घामातून मीठ जास्त जातं. भर उन्हाळ्यात दोन्ही धोके असतात. हिवाळ्यात मात्र धोका जवळजवळ एकतर्फी, पाणी कमी पडण्याचा. थंडीत तहान मंदावते, त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसल्यामुळे लघवी जास्त होते, कोरड्या हवेत श्वासावाटे वाफ जाते. शिवाय थरावर थर घातलेले कपडे सोडून आडोशाला जायचा कंटाळा, म्हणून न पिणं. हे बायका जास्त करतात आणि सांगत नाहीत. पाठपिशवीतल्या पाण्याची नळीही गोठते. बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो आणि तोंड मोकळं राहतं. शरद ऋतूबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही, तेव्हा चालणं सगळ्यात सोपं.

उपाय मात्र परस्परविरोधी आहेत. पाणी कमी पडलं असेल तर सावलीत बसवून घोट घोट पाणी आणि सोबत काही खारट खायला. जास्त झालं असेल तर पाणी बंद. शुद्ध नीट असेल आणि गिळता येत असेल तर खारट खाणं किंवा अगदी घट्ट खारट सूप. खेळाडूंच्या पेयांवर भिस्त ठेवू नका. त्यांत सोडियम दर लिटरला साधारण 20 मिलिमोल, जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये 75, आणि रक्तात 140. म्हणजे ही पेयंही जास्त प्यायली तर रक्त पातळच करतात. अशा वेळी आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही टाळा, तिच्यामुळे मूत्रपिंडं पाणी आणखी धरून ठेवू शकतात.

जोडीदार असंबद्ध बोलू लागला किंवा झटका आला, तर बाटली बाजूला ठेवून बचावपथकाला बोलवा. दवाखान्यात अशा रुग्णाला 3 टक्के मिठाचं द्रावण शिरेतून देतात. डिहायड्रेशन समजून साधं सलाइन भराभर चढवलं तर प्रकृती आणखी बिघडू शकते. म्हणून सकाळपासून किती लिटर प्यायलं, काय खाल्लं, लघवीला शेवटचं कधी गेला, हे पथकाला आपण होऊन सांगा.