"पिणारा कुठूनही पितोच, दारूच्या दुकानाच्या वेळा बदलून काय होणार?"

हा फॉरवर्ड कित्येक वर्षं फिरतोय आणि ऐकायला पटतो पण, कारण ज्याला व्यसनच लागलंय तो खरंच कुठून तरी मिळवतोच. पण नुकसान फक्त त्याच्यामुळे होत नाही ना. मारामाऱ्या, गाडी ठोकणं, घरात हात उगारणं, यातलं बरंचसं एरवी कमी पिणाऱ्यांकडून एखाद्या रात्री जास्त झाल्यामुळे होतं.

आता शरीराचं बघा. लिव्हर तासाला साधारण १० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल काढतं, म्हणजे अंदाजे एक छोटा पेग. तुम्ही तासाला तीन घेतले तर उरलेले दोन रक्तात साठत जातात. म्हणून रात्री उशिरा मिळालेली "अजून एक" सगळ्यात महागात पडते, आणि दुकान बंद असलं की बरेच जण ती शोधत बसत नाहीत, झोपतात. अनेक देशांतल्या अभ्यासांत विक्रीचे तास २ किंवा जास्त वाढवले तिथे नुकसान वाढलेलं दिसलंय.

तपासायचं असेल तर नियम बदलायच्या आधीचे आणि नंतरचे सारखेच महिने घ्या, रात्री १० ते पहाटे ४ मधले अपघात आणि इमर्जन्सीतले पेशंट मोजा, शेजारच्या नियम न बदललेल्या भागाशी ताडून बघा. गिऱ्हाईक तिकडे सरकलं असेल किंवा चोरटी विक्री वाढली असेल तर तेही मोजायलाच हवं, म्हणूनच नियम एकदा करून सोडून द्यायचे नसतात, दरवर्षी आकडे काढून बसायचं असतं.