दूरचा ऑब्जेक्ट आणि कपाळावरची टिकली

हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ‘खाते.शिल्लक()’ अशी एक ओळ आहे. खात्याचा ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरची कामं यांचं गाठोडं) त्याच मशीनच्या मेमरीत असेल तर उत्तर काही नॅनोसेकंदांत मिळतं. आपण मुंबईत आणि तो न्यूयॉर्कच्या सर्व्हरवर असेल, तर फायबरमधून प्रकाशाला जाऊन-येऊन निदान १२५ मिलिसेकंद लागतात. हजार खात्यांचा लूप लावा, दोन मिनिटं गेलीच. पैसे वळते करताना मध्येच लाइन तुटली, तर ते वळते झाले की नाही हेही कळत नाही. ओळ मात्र दोन्हीकडे अक्षरशः तीच!

दूरचा ऑब्जेक्ट जवळचाच आहे असं भासवू नका, हे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतल्या जिम वाल्डो, अ‍ॅन वोलरथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच बजावलं होतं. पुढे वोलरथ यांच्याच पुढाकाराने जावा या प्रोग्रामिंग भाषेत आरएमआय, म्हणजे दूरच्या ऑब्जेक्टला हाक मारायची सोय, आलं, १९९७ मध्ये. तिथे दूरवरून वापरायच्या इंटरफेसला (मेथडची, म्हणजे ऑब्जेक्टकडून करून घ्यायच्या कामांची यादी) ‘रिमोट’ या इंटरफेसचा वारसा घ्यावा लागतो. ‘रिमोट’मध्ये एकही मेथड नाही; ती नुसती ओळखीपुरती कपाळावरची टिकली. खरी मेख दुसऱ्या अटीत आहे : प्रत्येक मेथडने ‘रिमोटएक्सेप्शन’, म्हणजे दूरच्या कॉलमध्ये बिघाड होऊ शकतो हे, जाहीर करायचं. मग कॉल करणाऱ्याला ट्राय-कॅच (बिघाड झाला तर काय करायचं ते) लिहावा लागतो, किंवा निदान ते एक्सेप्शन पुढे ढकलतोय असं कबूल करावं लागतं.

गंमत म्हणजे ही अट विसरलात तर जावाचा कम्पायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) चकार शब्द काढत नाही. त्याच्या लेखी ‘रिमोट’ हा इतर कुठल्याही इंटरफेससारखाच. चूक उघडी पडते प्रोग्राम चालवल्यावर, ऑब्जेक्ट एक्स्पोर्ट करताना, म्हणजे दूरवरून वापरायला खुला करताना.

२००४ मध्ये जावा ५ बरोबर अ‍ॅनोटेशन आली, म्हणजे कोडवर डकवायच्या चिठ्ठ्या, आणि २००६ च्या ईजेबी ३ मध्ये (जावात सर्व्हरवरचे प्रोग्राम लिहायची चौकट) इंटरफेसवर ‘@रिमोट’ अशी चिठ्ठी डकवली की काम भागू लागलं. ट्राय-कॅचचं लचांड गेलं, सगळे खूश. मला हा सौदा महागच वाटतो : चिठ्ठी वाचतो सर्व्हर, आणि कॉल करणाऱ्याला बिघाडाची तयारी ठेवायची सक्ती उरत नाही.

दोष चिठ्ठीचा नाही, ती कोण वाचतं याचा आहे. स्विफ्ट या भाषेच्या ५.७ आवृत्तीत (२०२२) अ‍ॅक्टरवर (एका वेळी एकच काम हाताळणारा ऑब्जेक्ट) लावलेला ‘डिस्ट्रिब्युटेड’ हा शब्द खुद्द कम्पायलर वाचतो. अशा अ‍ॅक्टरला बाहेरून ‘ट्राय अवेट’ (चूक होऊ शकते, थांबावं लागेल) न लिहिता हाक मारली की कम्पाइलच होत नाही. नेटवर्कवरून पाठवताच येणार नाही असा पॅरामीटर दिलात, तरी तिथेच अडतं. आरएमआयमध्ये तेच कळायचं प्रोग्राम चालू असताना, बहुधा ग्राहकासमोर.