रशियन बॅलेची तालीम: नोकरांच्या मुलांपासून वागानोवा पद्धतीपर्यंत

सम्राज्ञी अ‍ॅना इव्हानोव्हनाच्या हुकुमाने 4 मे 1738 रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये पहिली नृत्यशाळा सुरू झाली. लष्करी छात्रांना नृत्य शिकवणाऱ्या झाँ-बाप्तिस्त लांदे या फ्रेंच गुरूकडे ती सोपवली गेली. वर्ग हिवाळी राजवाड्यात भरत. पहिल्या तुकडीत 12 मुलगे आणि 12 मुली होत्या, सगळी राजवाड्यातल्या नोकरांची मुलं. मॉस्कोतली परंपराही अशीच साध्या घरातून, किंबहुना घर नसलेल्यांतून आली. तिथे 1773 मध्ये अनाथालयातल्या मुलांना नृत्य शिकवायला सुरुवात झाली आणि मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहाची शाळा आपलं मूळ तिथेच मानते.

आज ज्याला रशियन शैली म्हणतात, ती घडवणारे बहुतेक गुरू परदेशी होते. शार्ल दिदलो 1801 मध्ये आले, स्वीडनचे क्रिस्तियान योहान्सन 1841 मध्ये आणि मारियुस पेतिपा 1847 मध्ये. पुढे एन्रिको चेकेत्ती यांनी इटालियन शाळेचा कस आणला. फ्रेंच वळणात लालित्य होतं, पण कोपर गळायचं आणि जोर कमी पडायचा. इटालियन वळणात गिरक्या आणि तोल पक्के, पण हात ताठ आणि उडीत पाय आखडलेले.

या दोन्हींतलं नेमकं काय घ्यायचं हे अग्रिपिना वागानोवा यांनी ठरवलं. 1897 मध्ये त्या सेंट पीटर्सबर्गच्या याच शाळेतून बाहेर पडल्या, 1916 मध्ये रंगमंचावरून निवृत्त झाल्या आणि 1921 पासून शाळेत शिकवू लागल्या. 1925 मध्ये शाळेतून बाहेर पडलेल्या मारिना सेम्योनोवा आणि 1928 मधल्या गालिना उलानोवा या त्यांच्या शिष्या. 1934 मध्ये त्यांचं शास्त्रीय नृत्याच्या पायाभूत तत्त्वांवरचं पुस्तक आलं. त्यांचं खरं मोठेपण क्रम लावण्यात आहे: कोणती हालचाल कोणत्या वर्षी, कशानंतर आणि किती संथ.

मूल साधारण 10 व्या वर्षी शाळेत येतं आणि 8 वर्षं शिकतं. निवडीच्या वेळी शरीराची ठेवण, आरोग्य, ताल आणि कान हे सगळं तपासलं जातं. पहिल्या वर्षी ते बारकडे, म्हणजे आधारासाठीच्या आडव्या दांड्याकडे, तोंड करून, दोन्ही हात बारवर नुसते टेकवून उभं राहतं. बार मुठीत आवळला की खांदे वर येतात आणि तोल पायांऐवजी हातांवर जातो. बॅलेत पावलं ठेवायच्या पाच ठरलेल्या स्थिती आहेत. आधी पहिली, मग दुसरी, मग पाचवी. चौथी सर्वांत शेवटी. कारण चौथीत पावलं पुढे-मागे दूर असतात, वजन दोन्हींवर सारखं ठेवावं लागतं आणि मागच्या पायाचा खुबा हमखास मागे सरकतो.

पावलं बाहेर वळवायची ती खुब्याच्या सांध्यातून. घाईने पावलंच 180 अंशांत ओढली की ती अंगठ्याच्या बाजूला कलंडतात, तळव्याची कमान बसते आणि गुडघा पिळतो. प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे वाकवून खाली जाताना, तळाशी क्षणभरही बसून राहायचं नसतं. बसलं की मांडीतली स्प्रिंग जाते, आणि पुढे उडी त्याच स्प्रिंगवर मारायची असते. पूर्ण प्लिएत टाचा उचलतात; फक्त दुसऱ्या स्थितीत त्या जमिनीवरच राहतात. तांद्यूमध्ये, म्हणजे पाय ताणून बाहेर नेताना, तो उचलायचा नाही, जमिनीवरून घासत न्यायचा: आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी फक्त बोटांची टोकं टेकलेली. इथे मूल वजन सरकत्या पायावर टाकतं, म्हणून शिक्षिका उभ्या पायाकडे बघत असते. हे सगळं कंटाळवाणं वाटेल इतकं हळू चालतं, आणि ते तसंच चालायला हवं.

पाय तयार होत असतानाच मान, खांदे आणि हातही त्याच हालचालीत गुंफले जातात. या शाळेतून आलेली नर्तकी ओळखू येते ती बहुधा पाठ आणि हातांवरून. वर्गात पियानो वादक प्रत्यक्ष वाजवतो आणि पाय घसरू नयेत म्हणून लाकडी जमिनीवर झारीने पाणी शिंपडायची पद्धत आहे.

दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला (सेंट पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) वेढा पडला तेव्हा शाळा पर्म शहरात हलवली गेली. मुलं परतल्यावरही तिथली तालीम थांबली नाही. 1945 मध्ये येकातेरिना गेइदेनराइख यांनी पर्ममध्ये स्वतंत्र शाळा उभी केली. लेनिनग्राडच्या शाळेला वागानोवांचं नाव मिळालं ते 1957 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर 6 वर्षांनी.