रंगकामाआधी जुन्या गाडीची ट्रिम उतरवणं

ट्रिम उतरवणं म्हणजे गाडीच्या पत्र्यावर बाहेरून जे काही लावलेलं असतं, बंपर, ग्रिल, हेडलाईटच्या रिंगा, दारांवरच्या चमकत्या पट्ट्या, मोनोग्राम (गाडीच्या नावाची धातूची अक्षरं), हँडल, वायपर, आरसे, काचेचं रबर आणि त्यातली बीडिंग (रबरात बसवलेली चमकती पट्टी), ते सगळं एकेक करून सुटं करायचं आणि मगच गाडी पेंटरच्या ताब्यात द्यायची. ठाणे-नवी मुंबईत हे काम जास्त करून फियाट, पद्मिनी आणि ॲम्बॅसडरवर होतं. पद्मिनी तर इथनं जवळच, कुर्ल्यात बनायची, १९६४ मध्ये फियाट अकराशे डिलाइट म्हणून आली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली, त्यामुळे इकडच्या एखाद्या जुन्या सोसायटीत कव्हरखाली अजूनही एखादी उभी दिसते. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी मुंबईतली पद्मिनी टॅक्सी पण बंद झाली, म्हणून आता जे पार्ट हातात आहेत ते जपायचे.

पेंटर बऱ्याचदा म्हणतो, काढायची गरज नाही साहेब, टेप मारून देतो. टेप मारून रंग होतो, पण पट्टीच्या कडेला जिथे रंग थांबतो तिथे उंचवट्याची रेघ राहते, तिथून पाणी शिरतं आणि एक-दोन पावसाळ्यात पापुद्रा सुटायला लागतो. पण खरं कारण वेगळंच आहे, ते म्हणजे पट्टीखालचा गंज. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि वर चार महिने पाऊस, पट्टी आणि पत्र्याच्या फटीत माती साचते, ती ओली राहते, आणि क्लिप लोखंडाची नि पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून बसल्यावर त्यातला एक झिजतोच. ऐरोलीत बिल्डिंगखाली बाबांच्या पद्मिनीची दाराची पट्टी मी सोडवली तेव्हा पट्टी वरून लखलखीत होती, मागे मात्र सातपैकी तीन भोकांभोवतीचा पत्रा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालेला, स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं तर भुगाच पडला. टेप मारून वरून रंग दिला असता तर तो गंज आतच वाढत राहिला असता.

सुरुवात बॅटरीची वायर काढून करायची, कारण हेडलाईट, इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा सगळ्याला वायरी असतात. मग फोटो. प्रत्येक पार्ट काढायच्या आधी एक लांबून, एक जवळून, आणि नट सुटल्यावर वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा एक. स्क्रू एकत्र टाकायचे नाहीत, आमच्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे वापरले, झाकणावर मास्किंग टेप लावून पेनाने 'डावं पुढचं दार, पट्टी' असं लिहिलं. डावं-उजवं लिहायलाच हवं, दिसायला सारख्या वाटणाऱ्या पट्ट्यासुद्धा टोकाला वेगळ्या वाकवलेल्या असतात.

गंजलेल्या स्क्रूला पहिल्याच दिवशी जोर लावू नये. डब्ल्यूडी फॉर्टी नाहीतर तसलं आत मुरणारं ऑइल मारून रात्रभर सोडायचं, दुसऱ्या दिवशी परत मारायचं, आणि खाचेत नीट बसणारा, खाचेएवढाच रुंद स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी थोडं घट्ट करायच्या दिशेने हलवायचं, मग उलटं. फियाटचे नट मिलिमीटरचे, ॲम्बॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड असल्यामुळे जुन्या मॉडेलला इंची पाने लागतात. जवळपास बसणारा पाना लावला की नटाच्या कडा गोल झाल्याच समजा.

सगळ्यात नाजूक काम मोनोग्रामचं. जुने मोनोग्राम, काही हँडल आणि लाईटच्या रिंगा मझाकच्या असतात, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम, वरून क्रोम. हा धातू वयाने ठिसूळ होतो आणि त्याच्या मागच्या बारीक खुंट्या पत्र्यातून आत जाऊन स्प्रिंगच्या नटाने धरलेल्या असतात. बाहेरून उचकटलं की खुंटी तुटते, अक्षर वाकतं, आणि मझाकला परत खुंटी लावणं साध्या वेल्डिंगने होत नाही. एका गॅरेजात आमच्या डिकीवरच्या नावाचं असंच झालं, दोन मिनिटांत तीन खुंट्या गेल्या. म्हणून आधी आतून हात घालून, टॉर्च मारून बघायचं, नट दिसला तर आतूनच सोडवायचा. मागे काहीच नसेल आणि चिकटपट्टीवर बसवलेलं असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून मागून तंगूस ओढायची, करवतीसारखी सावकाश. मासेमारीची ही नायलॉनची दोरी खाडीकाठच्या कोळीवाड्यांत तर घरोघरी असते.

काचेचं रबर पंधरा-वीस वर्षांनी लाकडासारखं कडक होतं. ते वाचवायच्या नादात काच जाते. नवीन रबर मिळतंय याची खात्री करून जुनं ब्लेडने कापूनच काढावं, हे माझं ठाम मत आहे. बीडिंग मात्र कापायच्या आधी सरकवून बाहेर घ्यायची, तिचा कोपऱ्याचा बाक एकदा मोडला की सरळ होत नाही. दाराचं हँडल बाहेरून निघत नाही, आतला पॅड काढावा लागतो आणि काच वर-खाली करायच्या हँडलमागे पिन किंवा घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते ती आधी शोधायची.

काढलेलं सामान साबणाच्या पाण्याने धुवून, सुकवून, कापडात गुंडाळून घरात ठेवायचं, गॅरेजात नाही. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याला घासणी लावू नये. ॲल्युमिनियमच्या पट्टीला कॉस्टिक सोडा लागला तर ती काळी पडते. हरवलेलं, तुटलेलं कुर्ल्याच्या स्क्रॅपवाल्यांकडे नाहीतर चोर बाजारात शोधता येतं, पण जोडी जुळेलच असं नाही. ५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून 'व्हीए' नंबर मिळू शकतो, त्याला गाडी मूळ रूपात असावी लागते, तेव्हा मूळ ट्रिम तिथेही कामाला येते.

पत्र्याचं काम संपलं आणि प्रायमर बसला की शेवटच्या रंगाआधी सगळ्या पट्ट्या एकदा कोरड्या, म्हणजे पक्क्या न करता, लावून बघाव्यात, नवीन पॅच मारलेल्या जागी भोकं हमखास दोन-तीन मिलिमीटर सरकलेली निघतात आणि ती तेव्हाच दुरुस्त होतात. रंग शक्यतो पावसाळा टाळून, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कारण दमट हवेत जुन्या पद्धतीच्या रंगावर पांढरट धुकं येतं. परत बसवताना प्रत्येक भोकाची कड बारीक ब्रशने रंगवून, सुकल्यावर क्लिपखाली रबरी वॉशर टाकायचा.